सहल जावी तर धानाच्या बांधीत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की घरोघरी सहलीचा कागद येतो. त्यावर ठिकाण, रक्कम आणि पालकाच्या सहीसाठी एक रेघ. ठिकाण बहुधा वॉटर पार्क, नाही तर एखादा किल्ला आणि वाटेतला मॉल. मुले खूश होऊन येतात, यात वाद नाही. पण ‘काय पाहिलं रे?’ असे विचारले की उत्तर दोन वाक्यांत संपते. आणखी एक गोष्ट आपण सगळे जाणतो. कागद मुलाचा असेल तर त्यावर सही होते. मुलीचा असेल तर आपल्या कित्येक घरांत तो दप्तरातच राहतो.

चंद्रपूरच्या आम्ही काही शिक्षक-पालकांनी गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस सहावी ते आठवीच्या छत्तीस मुलामुलींची वेगळी सहल काढली. दोन दिवस, एक मुक्काम. शनिवारी पहाटे निघून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा आणि रात्री गडचिरोली. रविवारी धानोरा रस्त्यावरचे मेंढा (लेखा) आणि सावली-मूलमार्गे परत. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला. आम्ही दोनच अटी ठेवल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी मुलांच्या हाताला काही काम हवे आणि शिकवणारा माणूस तिथलाच हवा.

हा विचार आमचा नव्हे, आणि नवाही नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. मुलाने मातृभाषेत शिकावे आणि शेती, सूतकताई, सुतारकाम अशा एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने बाकीचे विषय शिकावेत, हा त्या योजनेचा गाभा. तिलाच ‘नई तालीम’ म्हणतात. त्याच परिषदेत झाकिरसाहेबांनी एक इशाराही दिला होता. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघालाच पाहिजे असा हट्ट धरला तर शिक्षक गरिबांच्या मुलांना राबवून घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे आम्ही निघण्यापूर्वी आपसांत नीट बोलून घेतले. मुलांनी धान कापायचे ते कुणाची मजुरी वाचवण्यासाठी नव्हे, तर धान म्हणजे काय ते हाताला कळावे म्हणून.

पहिला थांबा नागभीडजवळची एक बांधी. बांधी म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेले धानाचे शेत. अर्धे धान कापून झाले होते. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पडल्या होत्या आणि पलीकडे पुंजणे रचणे चालू होते. शेतमालकीणबाईंनी मुलांना चार-चारच्या टोळ्यांत उभे केले. विळे मोजकेच आणि प्रत्येक टोळीसोबत एक मोठे माणूस. एका मुलीने विळा सुरीसारखा धरलेला पाहून बाई म्हणाल्या, “अशी नाही वो माय, आधी मुठीत धान धर, मंग विळा आपल्याकडे ओढ.” दोन मुठी कापल्या आणि मुलांची कंबर बोलू लागली. सकाळपासून दुपारपर्यंत हेच करणाऱ्या बायकांकडे मग ती वेगळ्या नजरेने पाहू लागली.

दुसरे काम मोजणीचे. प्रत्येकाने एक लोंबी घेऊन तिचे दाणे मोजले. कुणाचे नव्वद भरले, कुणाचे दीडशेच्या वर. एका दाण्यापासून आलेल्या रोपाला आठ फुटवे धरले आणि प्रत्येक लोंबीला एकशेवीस दाणे, तर एका दाण्याचे नऊशे साठ. हा गुणाकार फळ्यावर शंभरदा झाला असता तरी मुले अशी गप्प झाली नसती.

मग आम्ही त्यांना सांगितले, या साऱ्यांपेक्षा वेगळी दिसणारी एक लोंबी शोधा. कारण याच तालुक्यातल्या नांदेड गावी (मराठवाड्यातले नव्हे) दादाजी खोब्रागडे राहत होते. जेमतेम दीड एकरांचे शेतकरी, शाळा अगदी थोडी झालेली. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार तांदूळ तयार झाला. त्या काळी एचएमटीची घड्याळे लोकप्रिय होती, तेच नाव या तांदळाला मिळाले. बिर्याणीला आपण बासमती आणतो, पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोजच्या भाताला हाच एचएमटी असतो. २००५ मध्ये दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते वारले. “सर, ती लोंबी मला दिसली असती तर मी फेकून दिली असती,” एक सातवीतला मुलगा म्हणाला. त्यानंतरचा अर्धा तास तो बांधीतून हलायला तयार नव्हता. त्याला शेवटी लांब कुसळांची एक लोंबी सापडली. ती त्याने वहीत चिकटवली आणि खाली तारीख लिहिली.

ब्रह्मपुरी सोडून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. नदी हीच दोन जिल्ह्यांची सीमा. पलीकडचे पहिले मोठे गाव वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीचे हे केंद्र. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडशात नाटक मंडळांच्या कार्यालयांच्या पाट्या आणि पोस्टर्स जागोजागी दिसतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रात्रभराचे नाटक लहान मुलांना दाखवणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही दुपारीच एका गावात गेलो, जिथे रात्रीच्या प्रयोगाची तयारी चालू होती. रंगवलेले पडदे कसे टांगतात, तबला-पेटीवाले कुठे बसतात, संवाद शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हे मुलांनी पाहिले. मग प्रत्येकाने मंचावर जाऊन आपले नाव आणि गाव असे सांगायचे होते की मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावे. आधी हशा पिकला, नंतर आवाज फुटले. तिथल्या कलावंताने शिकवले ते एवढेच, की ओरडायचे नाही, श्वास पोटातून घ्यायचा.

रात्री गडचिरोलीत मुक्काम. मुलींची खोली वेगळी, सोबत दोन शिक्षिका आणि तीन आया. जेवण दोन्ही दिवस शाकाहारी ठेवले, म्हणजे कुणाला संकोच नको. नमाजांसाठी वेळ आधीच आखणीत धरला होता. गडचिरोली मलेरियाचा जिल्हा आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि मलम यांत हयगय केली नाही.

रविवारी सकाळी मेंढा (लेखा). गडचिरोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा देशभर गेली आहे. ग्रामसभेला आधी कळवून, परवानगी घेऊन आम्ही गेलो होतो. कुणाच्या घरी जाण्याचा हा साधा रिवाज जंगलातल्या गावालाही लागू आहे, हे मुलांना सांगितले. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हाही नियम होता.

वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला अडचण येत राहिली, कारण १९२७ चा वन कायदा बांबूला झाड मानत होता. शास्त्र सांगते, बांबू हे गवत आहे. २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आम्ही मुलांना बांबूचा तुकडा आणि धानाची काडी शेजारी शेजारी ठेवून पाहायला सांगितले. दोन्हींत पेरे, दोन्ही पोकळ. कायद्याची ती भांडणे त्यांना तिथे समजली.

जंगलाच्या कडेने गावातल्या एका मावशींनी पाने ओळखायला शिकवली: ऐन, तेंदू, पळस, चार, मोह. वाघाच्या भीतीने आत कुणी शिरायचे नाही, हे त्यांनीच बजावले. मोहाखाली एक मुलगा हसत म्हणाला, “याची दारू करतात ना?” मावशी शांतपणे म्हणाल्या, “फुलं आम्ही वाळवून खातो, बाबू. पावसाळ्यात घरात काही नसलं की हेच.” गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या चळवळीतून आली, हे तेव्हा मुलांना सांगता आले. नंतर पळसाच्या पानांना बांबूच्या काड्या टोचून प्रत्येकाने आपला द्रोण केला. दुपारचे वरण त्यातच वाढले. ज्याचा द्रोण गळला त्याने दुसरा केला.

या गावात अभ्यासगट बसतात. जंगल, कायदा, पाणी, कोणत्याही विषयावर माणसे एकत्र बसून समजून घेतात आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने ठरवते. आम्ही मुलांनाही तसेच गोल बसवले. प्रश्न एवढाच: उरलेला एक तास बांबूच्या विणकामाला द्यायचा की खेळायला? पस्तीस हात खेळाच्या बाजूने वर गेले. आठवीतली एक मुलगी मात्र ‘नको’ म्हणाली. वर्गात ही सहसा बोलत नाही. शाळेत मतदान होऊन विषय संपला असता. इथे तिचे कारण ऐकावे लागले. “खेळायला घरीही मिळतं. विणायला शिकवणारं तिथे कोण आहे?” पाऊण तास चर्चा चालली आणि शेवटी तासाचे दोन भाग झाले. तिने विणलेली चटई हातभरच होती आणि एका कडेला वाकडी. ती आता तिच्या अम्मीने स्वयंपाकघरात भांड्यांखाली घातली आहे.

याच मुलीला पाठवायला तिच्या अब्बूंनी आधी नकार दिला होता. त्यांची काळजी खोटी नव्हती. रात्र कुठे, सोबत कोण, रस्ता कसा, हे कागदावर लिहिलेलेच नसते. आम्ही त्यांना सगळी आखणी दाखवली आणि तिच्या अम्मींना सोबत चला म्हटले. त्या आल्या, धान कापण्यात मुलींच्या पुढे होत्या. छत्तीसपैकी सतरा मुली होत्या, त्या अशाच एकेका घराशी बोलून.

तेव्हा वाचकहो, या वर्षी सहलीचा कागद आला की नुसती सही किंवा नकार देऊ नका. शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारा. मुले तिथे हाताने काय करणार आहेत? शिकवणारे गावचे कोण आहे? मुलींसोबत राहणाऱ्या बाया कोण आणि किती? उत्तरे समाधानाची नसतील तर चार पालक मिळून शाळेला मदत करा. शक्य असेल तर त्यांतल्या एखाद्या अम्मीने सोबत जावे. धानाची कापणी नोव्हेंबरात असते; रोवणा पाहायचा तर जुलै. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडतात. तुमच्या गावाजवळ धान नसेल तर ज्वारी असेल, कुंभाराचे चाक असेल, विणकराचा माग असेल. तिथला जाणता माणूस शोधून त्याला आधी भेटून या आणि मुलामुलींची नावे एकाच यादीत लिहा.