देवगडचा आंबा आणि तुघलकाचे नाणे

देवगडला आलेला पाहुणा किल्ल्यावर चढला की आधी बंदर बघतो, मग पवनचक्क्या. आम्ही मुलांना तिथून समुद्र दाखवून इब्ने बतूताविषयी सांगतो. 1342 साली सुलतान मुहंमद बिन तुघलकाचा वकील म्हणून तो चीनच्या बादशहाकडे निघाला. दौलताबादेहून खंबायत, पुढे जहाजाने गोवा. त्याची जहाजे याच किनाऱ्यासमोरून गेली असणार.

चीनमध्ये मधोमध चौकोनी भोक असलेली काशाची नाणी दोन हजार वर्षे दोरीत ओवून चालली. बतूताने मात्र तिथे पाहिले ते कागदी चलन : तळहाताएवढे, शाही मोहर असलेले तुकडे. फाटले की सरकारी कचेरीत फुकट बदलून मिळत.

तुघलकाने त्याआधीच, 1330 च्या सुमारास, पितळ-तांब्याचे नाणे चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालवले होते. दौलताबादच्या टाकसाळीतही ते पाडले जाई. कल्पना वाईट नव्हती, पण नक्कल रोखण्याची सोय नव्हती. ज्या पितळेची भांडी घरोघरी, त्याच पितळेचे नाणे! घरेच टाकसाळी झाली, असे इतिहासकार बरनी सांगतो. लोक सारा पितळेत भरू लागले, चांदी दडवू लागले. व्यापारी खरे नाणेही घेईनात. काही वर्षांतच नाणे मागे घ्यावे लागले. सुलतानाने त्याबदली खजिन्यातून सोने-चांदी दिली आणि पितळेचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले.

देवगडकरांना यातले दुखणे वेगळे समजवावे लागत नाही. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरचा आंबा ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीतून विकला जातोच. लेबल छापणे पितळ ओतण्याहूनही सोपे. म्हणून 2025 च्या हंगामापासून इथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचे सील आणले. गिऱ्हाईक एकदा फसले की खऱ्या आंब्याकडेही संशयाने बघते, आणि वर्षभर कलमे राखणाऱ्याचा भाव पडतो.

आपल्या समाजातही बागायतदार आहेत, दलाल आहेत, पेट्या भरणारे आहेत. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनने दिलेला इशारा आपण लहानपणापासून ऐकतो. सीलमुळे फसवणूक अवघड होईल, एवढेच. पेटीच्या वरच्या थरात एक आणि खालच्या थरात दुसरेच फळ न भरणे, हे भरणाऱ्याच्या इमानावरच राहणार.