फाईलबाहेरची नोंद

माझ्या लेकीचं रक्त कधी तपासलं, कोणत्या तारखेला कोणती किमो दिली, हे सगळं तिच्या फाईलमध्ये आहे. त्या काळात आम्हा मायलेकींना कुणी जेवू घातलं, ते त्यात नाही. ती नोंद मी इथे करते आहे.

आम्ही वाशीम जिल्ह्यातले. मी अंगणवाडी सेविका. घरी थोडी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. लेक चार वर्षांची असताना तिला ताप आला तो हटेना, अंगावर निळे डाग दिसू लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून मुंबईत परळला, टाटा रुग्णालयात जायला सांगितलं. निदान झालं ए.एल.एल.चं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचं. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा कर्करोग. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. औषधाच्या खर्चासाठी योजनेचे कागद झाले. पण मुंबईत राहायचं कुठे आणि खायचं काय, हे कुठल्या कागदात बसत नव्हतं.

राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते १९५६ साली गेले, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यांच्या नावाच्या त्या वास्तूत गरम वरणभात ताटात पडला, तेव्हा माझे मालक गाव सोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

आणि मग ओपीडीत त्या मॅडम भेटल्या. मुलांच्या विभागात आहारतज्ज्ञ बसतात हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकीचं वजन केलं, उंची घेतली आणि डाव्या दंडाभोवती पट्टी गुंडाळली. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची ती पट्टी माझ्या अंगणवाडीच्या कपाटात वर्षानुवर्षं आहे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या खाली पिवळा. गावातल्या किती पोरांचे दंड मी तिने मोजले असतील. त्या दिवशी पट्टीच्या खिडकीत पिवळा रंग आला आणि मॅडमनी तोंड उघडायच्या आत मी आकडा वाचला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ताई, तुम्हाला यातलं कळतं. मग आपण दोघी मिळून हिला हिरव्यात आणू.’

वजन होतं तरी दंड कशाला मोजायचा, तेही त्यांनी सांगितलं. या आजारात यकृत आणि प्लीहा वाढते, स्टेरॉईडने अंग सुजतं, सलाईनचं पाणी चढतं. काट्यावर वजन दिसतं आणि आत मूल वाळत असतं. अशा मुलाला किमो झेपत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो, पुढचा डोस लांबतो. जेवण हा औषधाचाच भाग आहे, असं त्या प्रत्येक आईला सांगत.

छापील तक्ता हातात देऊन त्यांनी मला वाटेला लावलं नाही. घरी काय शिजतं ते आधी विचारलं. सासूबाई माळकरी, घरात अंडं चालत नाही, हे सांगताना मी जरा कचरले. त्या म्हणाल्या, ‘अहो, सोयाबीन पिकवता ना?’ पिकवतो, पण आमच्याकडे ते विकायचं पीक. खळ्यावरून थेट मार्केटात. शंभरात चाळीसच्या आसपास प्रथिनं असलेला दाणा आमच्या दारातून वर्षानुवर्षं जात होता. कच्चं वापरायचं नाही, खमंग भाजून दळायचं आणि गव्हाच्या पिठात थोडं मिसळायचं, हे मी मॅडमकडून शिकले. पुढच्या खेपेला मालकांनी गावाहून पोत्यातलं सोयाबीन आणलं. शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचे लाडू, वरणात कुस्करलेली पोळी आणि वर तूप, असं लेकीचं ताट ठरलं.

स्टेरॉईडच्या दिवसांत ती मध्यरात्री उठून भात मागायची आणि दिला नाही तर रडायची. पुढे एका किमोनंतर तोंड आतून सोललं, पाण्याचा घोटही जाईना. नाकातून नळी घालावी लागेल म्हटल्यावर माझा धीरच सुटला. मॅडम शेजारी बसल्या. आधी त्यांनी सिरिंजने नळीतून पातळ खाणं कसं सावकाश सोडायचं ते करून दाखवलं, मग माझा हात धरून माझ्याकडून करून घेतलं. गावाकडून रोज फोन यायचे, साखर बंद करा, गव्हांकुराचा रस पाजा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असताना कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण, हे त्यांनीच माझ्या भावाला फोनवर समजावलं.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो त्यांचा एक प्रश्न. लेकीचं सगळं लिहून झाल्यावर त्या पेन खाली ठेवून विचारायच्या, ‘आणि ताई, तुम्ही काय जेवलात?’ तिच्या ताटातलं उरलेलं खाऊन मी दिवस काढते आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यानंतर आम्हाला दर महिन्याला शिधा मिळू लागला तो एकट्या लेकीपुरता नाही, घरापुरता. तांदूळ, डाळी, तेल, शेंगदाणे. एका मुलापुरतं दिलं तर आई ते चार तोंडांत वाटते, हे शिधा देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

नंतर कळलं की या कामाला माणसांनी वर्षानुवर्षं आयुष्य दिलंय. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या कर्करोगग्रस्त मुलांसाठी आहारतज्ज्ञ नेमायचं काम कडल्स फाउंडेशन मुंबईत २०१३ पासून करते. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून अशा मुलांच्या बाहेरगावच्या कुटुंबांना फुकट निवारा देते. तिथल्या स्वयंपाकघरात प्रत्येक आई आपल्या हातचं शिजवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. औषधं मिळत नाहीत, निदान उशिरा होतं, ही कारणं आहेतच. पण उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींना परत नेलं ते भाड्याने आणि भाजीच्या पिशवीने.

लेकीचे उपचार संपले. आता ती शाळेत जाते, तपासणीला वर्षातून एकदा मुंबईला जातो. मॅडमची बदली झाली. आता त्या कुठे आहेत मला माहीत नाही.

तुमच्या ओळखीचं मूल उपचाराला गेलं असेल आणि तुम्ही भेटायला निघाला असाल, तर कापलेली फळं आणि बाहेरचा खाऊ नेऊ नका. सीलबंद तूप न्या, डाळ न्या, शेंगदाणे न्या. आणि त्याच्या आईसाठी घरचा डबा न्या.