भोरचे पारवे

भोरात आज 'शूटिंग' म्हटले की कोणीही राजवाड्याकडे बोट दाखवील. पंतसचिवांच्या या वाड्यात इतके सिनेमे निघाले आहेत की, तेथले खांब आपण आधीच पाहिल्यासारखे वाटतात. पण आमचे मामा जुन्या पिढीचे. मी वाड्यातले शूटिंग पाहायला जातो म्हटल्यावर ते म्हणाले, "त्यात काय बघायचंय? आमचं शूटिंग वेगळं होतं. चल, विहीर दाखवतो."

स्वारगेटहून एस.टी.ने कापूरहोळला यावे आणि उजवीकडे वळावे, की भोर आलेच. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा मामा शाळेत जात होते. साठच्या दशकात त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी होती. खळ्यावर ज्वारी पडली की पारव्यांचे थवे उतरत, आणि घरोघरी मामांना बोलावणे येई. "मामांचा बार फुकट जात नाही," हे वाक्य आम्ही भाचरांनी लहानपणी किती वेळा ऐकले असेल!

विहीर गावाबाहेर, नीरेच्या अंगाला. कोनाड्याकोनाड्यांत पारवे घुमत होते. मामा काठावर बसले आणि मास्तरासारखे समजावू लागले. सहा नंबरच्या काडतुसात अडीचशेहून अधिक छर्रे असतात. ऐकणाऱ्याला वाटते, मग चुकायचे कसे? पण चाळीस यार्डांवर साध्या नळीचे निम्म्याहून कमी छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात पडतात. घट्ट तोंडाच्या नळीचे सत्तर टक्के पडतात. पण तिचा फवारा जवळच्या पक्ष्याला इतका अरुंद, की नेम जरा हुकला तर सारेच छर्रे बाजूने जातात.

"आणि पारवा काही थांबत नाही," मामा म्हणाले. तासाला चाळीस मैलांनी तो निघाला, तर छर्रे पस्तीस यार्ड जाईपर्यंत सहा-साडेसहा फूट पुढे गेलेला असतो. म्हणजे पक्ष्यावर नव्हे, तो जेथे पोचणार तेथे बार टाकायचा आणि चाप ओढतानाही नळी फिरती ठेवायची. नवशिक्याची नळी नेमकी तेथेच थांबते आणि बार शेपटीमागून जातो.

मोठमोठ्यांचेही असेच होते. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती; बेल्जियमच्या लेआँ द लुंडेनने २१ पाडून ती जिंकली. पुढे कबुतरांच्या जागी मातीच्या तबकड्या आल्या. त्याच तबकड्यांवर बिकानेरच्या कर्णीसिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तबकडीचे एक बरे असते. ती फुटते किंवा फुटत नाही.

"म्हणजे तुमचा बार कधीच फुकट गेला नाही?" मी विचारले.

मामांनी खिशातून एक जुनी वही काढली. दोनच रकाने होते : काडतुसे आणि पारवे. एका सकाळची नोंद त्यांनी बोटाने दाखवली. नऊ काडतुसे, चार पारवे.

"हा चांगला दिवस होता," ते म्हणाले. "घरी चार पारवे दिसायचे. काडतुसं कोण मोजतंय?"

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"त्या दिवशी पाचवा लागला होता. पन्नास यार्डांवर बार काढला. उगाच, चार माणसं बघत होती म्हणून. पाय लोंबत होते, तसाच उडून गेला. दुसऱ्या दिवशी याच विहिरीच्या पायरीवर मरून पडलेला दिसला. वर कोनाड्यात पिलं ओरडत होती. या वहीत तिसरा रकाना हवा होता, तो मी कधी आखला नाही."

त्यानंतर पस्तीस यार्डांपलीकडे त्यांनी बार काढला नाही. तसे केल्यावर काडतुसे कमी लागू लागली, पण बोलावणीही कमी झाली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दिवस संपले. पण मामांनी बंदूक त्याच्या कितीतरी आधी विकून टाकली होती. आम्हा भाचरांना मात्र तेवढे एक वाक्यच पुरले होते.

इतक्यात कोणी बादली आपटली आणि सारा थवा फडफडत वर आला. मामांचा उजवा हात आपोआप उठला. बोट एका पारव्याच्या पुढे, बरोबर सहा फुटांवर, त्याच्याबरोबर नदीपर्यंत सरकत गेले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "चल, मामी जेवायला खोळंबली असेल."