नंबर दोनचा डबा

गेल्या महिन्यात मेलबॉक्समध्ये एक ऑफर येऊन पडली. फ्रीलान्सरला ऑफर म्हणजे काय असतं, ते महिन्याच्या सव्वीस तारखेला बँक बॅलन्स बघणाऱ्यालाच कळेल! 'कंटेंट हेड व्हाल की सीनिअर एडिटर? तुम्हीच ठरवा.' हेड म्हणजे बजेट, मीटिंगा, क्लायंटबरोबर डिनर. एडिटर म्हणजे दुसऱ्यांची कॉपी पुढ्यात घेऊन ती चालती-बोलती करणं. आईचा निकाल दोन सेकंदांत लागला. ''हेड. त्यात विचारायचं काय?''

विचारण्यासारखं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीपायी मी एक नोकरी सोडली होती. एका एजन्सीत चार वर्षं डेस्कवर होते. टीमची प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून जायची. अप्रेझलमध्ये हेडची जागा मात्र माझ्यानंतर आलेल्या मुलाला मिळाली. मी म्हणे 'लीडरशिप मटेरियल' नव्हते. घरी येऊन रडले आणि सोमवारी राजीनामा टाकला.

तर त्या ऑफरच्या रात्री अमेरिकेतल्या मावसभावाला फोन लावला. दादाने व्हर्जिनिया टेकमधून एमएस केलंय. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, ''अगं, तुला आमच्या बड फॉस्टरबद्दल कधी सांगितलंय का?''

हा बड फॉस्टर कॉलेज फुटबॉलचा कोच. फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा अमेरिकन फुटबॉल. त्यात चढाई करणारे अकरा वेगळे आणि त्यांना अडवणारे अकरा वेगळे. समोरच्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, ते जाऊ द्यायचे नाहीत. अडवणाऱ्यांची सगळी आखणी करणारा तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्याच्या वर हेड कोच. टीव्हीवर चेहरा दिसतो तो बहुतेक वेळा हेडचाच.

या धंद्याची शिडीही आपल्या कॉर्पोरेटसारखीच. आधी पडेल ते काम करणारा असिस्टंट, मग एका फळीचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग हेड. आणि हेडची नोकरी गेली की बऱ्याचदा त्याच्या असिस्टंटांचंही बिऱ्हाड हलतं. पुन्हा नवं गाव, पोरांना नवी शाळा.

फॉस्टर 1987मध्ये फ्रँक बीमर या हेड कोचबरोबर व्हर्जिनिया टेकमध्ये आला. 1995मध्ये डिफेन्सची सूत्रं आधी जोडीने आणि पुढच्याच वर्षी एकट्याकडे आली. 2019मध्ये निवृत्त झाला तोही तिथूनच. एकाच कॉलेजात तेहेतीस मोसम! बीमर 2015नंतर निवृत्त झाला, नवा हेड आला, तरी फॉस्टर होता तिथेच. हेड कोच तो कधीच झाला नाही.

''मग त्याला काय मिळालं?'' मी विचारलं. माझ्यातली आई बोलली.

दादाने यादीच वाचली. 2006मध्ये त्याच्या डिफेन्सने देशात सर्वांत कमी गुण दिले आणि त्याच वर्षी त्याला ब्रॉयल्स अवॉर्ड मिळालं, जे खास असिस्टंट कोचेससाठीच असतं. 2014मध्ये ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर 35-21 असं हरवलं. फॉस्टरने जवळजवळ सगळी माणसं पुढे आणून ठेवली, मागे राखण अशी ठेवलीच नाही. जुगारच तो! त्यांच्या क्वार्टरबॅकला सात वेळा जमिनीवर लोळवलं. ओहायो स्टेटने त्या मोसमात दुसरी मॅच हरली नाही, राष्ट्रीय विजेतेपदही नेलं.

पण मला जास्त आवडली ती डब्याची गोष्ट. फॉस्टरच्या डिफेन्सची खूण म्हणजे पत्र्याचा एक जुनाट जेवणाचा डबा, कोळशाच्या खाणीत कामगार नेतात तसा. मैदानावर घाम गाळणाऱ्याकडे तो डबा मानाने सोपवला जायचा. मोसमाची उद्दिष्टं लिहिलेला कागद त्यातच असायचा. 16 एप्रिल 2007ला त्या कॅम्पसवर एका माथेफिरूने 32 जणांचा जीव घेतला. त्यात आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. त्या मोसमात डब्यात 32 नावं ठेवली गेली.

दादा हे सांगताना थांबला. मग म्हणाला, ''त्याची घरची शेवटची मॅच मी स्टेडियममध्ये पाहिलीय. नोव्हेंबर 2019, पिट्सबर्गविरुद्ध. 28-0. मला तेव्हाही गेमचे नियम धड कळत नव्हते. पण ते शून्य कुणाचं आहे, हे सगळ्या स्टेडियमला कळत होतं.''

फोन ठेवल्यावर खूप वेळ जागी होते. सगळं इतकं गुलाबी नाहीये, हेही कळत होतं. फॉस्टरला त्याच्या कॉलेजने जपलं, नावाजलं, ते शून्य त्याच्या नावावर लागलं. माझ्या जुन्या ऑफिसात माझं शून्य कुणाच्याही नावावर लागायचं. दोन नंबरवर आपण राहणं वेगळं आणि कुणीतरी ठेवणं वेगळं, बॉस! मी भांडले ते दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि इतके दिवस समजत होते की खुर्चीसाठी भांडले. हेड झाले असते तर सहा महिन्यांत कंटाळले असते, हे त्या रात्री स्वतःशी कबूल केलं. रात्री अकराला कुणाच्या तरी लंगड्या वाक्याला पाय फुटतात तेव्हा मला जी मजा येते, ती बजेटच्या एक्सेल शीटमध्ये कुठून येणार?

सकाळी मेलला उत्तर लिहिलं. सीनिअर एडिटर चालेल. खाली दोन अटी टाकल्या. पगार हेडच्या जवळपास हवा आणि मी हात लावलेल्या प्रत्येक मोठ्या स्टोरीवर संपादक म्हणून माझं नाव हवं.

दोन दिवसांनी होकार आला. एक तारखेपासून जॉइन होतेय. आई अजून नाराज आहे. पण काल विचारत होती, ''डबा देऊ ना गं?''