म्हणे, विषयाला धरून विचार

साकोलीच्या एका महाविद्यालयात आमच्या सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलायला गेलो होतो. तिथे एका मुलीला ज्या तऱ्हेने खाली बसवलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मी मूळचा साकोलीचाच. पुण्यात प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. एकेक रेणू त्रिमितीत टिपणं हे आमचं काम. साध्या सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते. फोकस वरखाली करेपर्यंत रेणू हललेला असतो, नाहीतर त्याची चमक कायमची विझलेली असते. लाइट फील्ड पद्धतीत कॅमेऱ्यापुढे बारीक भिंगांची जाळी बसवतात. आधी एक डोळा, मग दुसरा मिटून समोरचं बोट पाहावं, तसं प्रत्येक भिंग रेणूकडे वेगळ्या कोनातून पाहतं. एकाच रेणूचे अनेक ठिपके उमटतात आणि ते किती सरकले यावरून खोली कळते, तीही एकाच फोटोत. गाब्रिएल लिपमान यांची 1908 ची ही कल्पना. मार्क लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ती सूक्ष्मदर्शकावर आणली आणि 2020 मध्ये केंब्रिजच्या गटाने एकेका रेणूपर्यंत नेली. रेणूकडून मिळणारे मोजके फोटॉन इतक्या भिंगांत वाटून टाकायचे, ही मला उधळपट्टी वाटायची. ठिपक्यांतून खोली उलगडताना पाहिली आणि ते मत गेलं.

हे सांगून झालं, तशी ती उठली. "सर, मंग सिकलचा रेणू दिसते काजी यात?"

संचालन करणारे सर तिथूनच म्हणाले, "विषयाला धरून विचार. बस खाली."

पूर्व विदर्भात सिकलसेलने किती घरं पोखरली आहेत, हे भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकाला सांगावं लागतं? लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये याच आजाराला रेणूचा आजार म्हटलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. तेवढ्यानेच ऑक्सिजन कमी पडला की रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. एकेका रेणूवरच्या व्याख्यानात याहून विषयाला धरून काय विचारायचं? पोरी वळून तिच्याकडे बघत होत्या आणि ती मान खाली घालून बसली होती. तिचा काय गुन्हा होता?

मी तिला उभं राहायला सांगून उत्तर दिलं: नाही दिसत. हिमोग्लोबिन स्वतः चमकत नाही, उलट प्रकाश शोषून घेतं. आणि एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू दाटलेले असतात. "बरं जी," म्हणाली.

सरांवरचा राग कायम आहे. पण त्यांनी तिला गप्प केलं, तसं माझ्या उत्तरानेही तिच्या हाती काही पडलं नाही. मूलभूत संशोधनाला उपयोग विचारू नये, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. आता वाटतं, विचारावा. तरी उद्या कुणी हे काम बंद कर म्हटलं, तर मी करणार नाही.

गावाकडच्या लोकांना एवढंच सांगतो, पोरींना प्रश्न विचारू द्या. आणि सिकलसाठी आमचं महागडं यंत्र लागत नाही; सोल्युबिलिटी चाचणी आणि खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस पुरतं. लग्न ठरवण्याआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.