मुदत उलटलेली ठेव

बँकेतल्या माणसाचा तारखेवर फार विश्वास असतो. देवावर नसला तरी एक वेळ चालतं. मुदत ठेवीची पावती घ्या; तिच्यावर लिहिलेल्या दिवशी ठेव पिकते म्हणजे पिकते. आदल्या दिवशी आलात तर व्याज कापू, आठ दिवसांनी आलात तर तुम्हालाच विचारू, "इतके दिवस कुठे होता?" त्यामुळे २०११ साली डॉक्टरीणबाईंनी आमच्या सौ.च्या फाइलवर '२३ सप्टेंबर' अशी तारीख लिहिली, तेव्हा मी ती टेबलावरच्या कॅलेंडरात लाल शाईने गोल केली आणि त्या दिवसाची रजा टाकून मोकळा झालो. एका दिवसाची. किरकोळ रजा.

पहिलं बाळंतपण माहेरी, असा आपल्याकडे रिवाज. पण हिचं माहेर टाकळीमानूरला आणि दवाखाना पाथर्डीत. तेव्हा हिने माहेरी जाण्याऐवजी माहेरच आमच्याकडे राहायला आलं. सासूबाई आल्या, त्यांच्याबरोबर तुपाची बरणी आली, आणि येऊनजाऊन मामेसासरे आले. ते दुधाचा धंदा करतात, त्यामुळे प्रसूतिशास्त्रावर त्यांचा अधिकार मोठा. फक्त तो चार पायांवर उभा असलेला.

पहिला वाद झाला तारखेवरून. डॉक्टरांचा हिशेब असा, की शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्यात नऊ महिने मिळवा आणि वर सात दिवस. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा नियम दोनशे वर्षं चालू आहे. सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने नऊ दिवस!" आता दोन दिवसांचा फरक म्हणजे कुणी फार मानणार नाही. पण रोजकीर्दीत दोन रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. मी बसलो. फरक सापडला नाही.

२३ तारीख उजाडली. मी दाढी करून, स्वच्छ कपडे घालून, रिक्षावाल्याला सांगून तयार. ही शांतपणे पोहे खात होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली, रात्री हिने भाकरी मागितली. एक किरकोळ रजा बुडाली. पुढे कळलं, की दिलेल्या तारखेला जन्माला येणारी मुलं शंभरात जेमतेम चार-पाच असतात. ही गोष्ट आधी कळली असती तर निदान दाढी तरी वाचली असती.

मग सुरू झाली थकबाकीची वसुली. कॅशच्या खिडकीपाशी येणारा प्रत्येक जण आधी पैसे मोजी आणि मग विचारी, "मोकळी झाली का?" जणू मीच अडवून धरलं होतं. घरी सासूबाईंनी दुधात तूप घालून पाजलं, हिला उकिडवं बसवून फरशी पुसायला लावली, आणि माझ्या आईने एरंडेलाची बाटली बाहेर काढली. ती मात्र डॉक्टरीणबाईंनी परत आत ठेवायला लावली. "एरंडेलाने जुलाब नक्की होतील," त्या म्हणाल्या, "बाळाची खात्री नाही."

अशात २८ तारखेला घट बसले. पाथर्डीचं नवरात्र ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मोहटादेवीला पायी जाणाऱ्यांची रात्रभर रीघ असते. २९ ला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, फाइल पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या एक्केचाळीस आठवडे पूर्ण. आता वाट बघण्यापेक्षा आपण कळा आणू."

माझी आई पटकन म्हणाली, "दसऱ्यापर्यंत थांबवा की. घरात घट आहेत, सोयर येईल."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. दसरा ६ ऑक्टोबरला होता. म्हणजे बेचाळीस आठवड्यांना एक दिवस कमी. त्यांनी आईला समजावलं, की वार म्हणजे बाळाची शिदोरी. मुदत उलटून गेली की शिदोरी विटायला लागते. बहुतेक बाळं त्यावरही निभावतात. जी निभावत नाहीत ती आधी सांगत नाहीत. आई गप्प झाली. मीही. या वाक्यावर मी पुढे बरंच वाचलं. स्वीडनमध्ये २७६० बायकांचे दोन गट करून पाहिलं होतं. एका गटाला एक्केचाळीस आठवड्यांना कळा आणल्या, दुसऱ्याला बेचाळिसापर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, पहिल्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच बंद करावा लागला. २०१९ साली तो छापून आला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तेच आठ वर्षं आधी, शिदोरीच्या भाषेत सांगितलं होतं.

मी खुर्ची पुढे ओढून दोन मुद्द्याचे प्रश्न विचारले : किती तास लागतील, आणि किती खर्च येईल? हिनेही तीन विचारले. नाही जमलं तर काय करणार? बाळाला त्रास होतोय हे कसं कळणार? आणि दुखणं सहन झालं नाही तर मी सांगितलेलं कुणी ऐकेल का? डॉक्टरीणबाईंनी माझ्या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर दिलं आणि हिच्याशी वीस मिनिटं बोलल्या. कुणाच्या खात्यात शिल्लक किती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी कल्पना अशी, की इंजेक्शन द्यायचं, तासाभरात 'ट्यांहां', पेढे, आणि शुक्रवारी सहामाहीच्या कामाला हजर. ३० सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे अर्धवार्षिक हिशेबाचा दिवस. त्या दिवशी रजा मागणाऱ्याकडे मॅनेजर ज्या नजरेने पाहतात, ती नजर फक्त थकबाकीदाराच्या वाट्याला येते. मी म्हटलं होतं, "साहेब, दुपारपर्यंत येतो."

संध्याकाळी सहाला भरती झालो. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके कागदावर उतरवले. मग आतून तपासणी आणि गुण! खरंच गुण देतात. पिशवीचं तोंड किती उघडलंय, किती मऊ झालंय, बाळाचं डोकं किती खाली आलंय, हे पाहून तेरापैकी गुण. बिशप नावाच्या डॉक्टरने १९६४ साली ही परीक्षा काढली. हिला तीन मिळाले. मी बी.कॉम. असल्यामुळे नापासाचा मला अनुभव होता, मी धीर दिला, "पुढच्या खेपेला होशील पास." तिने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मी परत उच्चारलेलं नाही.

तोंड मऊ नसताना नुसत्या कळा आणणं म्हणजे कुलूप न उघडता दार ढकलणं. म्हणून आधी फ्रिजमधलं एक जेल आत लावतात. सातला पहिलं लावलं, आणि सहा तास थांबा म्हणाले. सहा तास! कुणाकडे जेलऐवजी गोळी असते, कुणाकडे नळीच्या टोकाला पाणी भरायचा फुगा. यांतलं बरं कोणतं, हे ठरवण्याचा मोठा प्रयोग पुढे आपल्या नागपूरलाच झाला. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत, रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायकांवर. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. चोवीस तासांच्या आत नॉर्मल बाळंतपण गोळीवाल्यांत शंभरी सत्तावन्न, फुगावाल्यांत सत्तेचाळीस. गोळी जिंकली. पण मी हिशेबनीस. मला त्यातले उरलेले त्रेचाळीस दिसले. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या गटातही निम्म्याला थोडे कमी लोक माझ्यासारखे दुसऱ्या दिवशी बाकावरच होते.

आणि गंमत बघा, जगभर या तोंडाचं कुलूप उघडायची खटपट चालू असताना ते वेळेआधी उघडू नये म्हणून टाका शोधला तो आपल्या गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. १९५५ साली त्यांनी तो जगापुढे मांडला आणि जग आजही त्याला शिरोडकर टाकाच म्हणतं. कुणाचं दार उघडेना, कुणाचं मिटेना. डॉक्टरांचं काम आमच्या स्ट्राँगरूमपेक्षा अवघड.

रात्री मला काम मिळालं. कळ कधी आली, किती टिकली, ते लिहून ठेवायचं. मी वहीत रेघा मारून रकाने पाडले : अनुक्रमांक, वेळ, सेकंद, शेरा. एकला दुसरं जेल लावलं. तीनला अनुक्रमांक १४ च्या शेऱ्यात मी 'मध्यम' लिहिलं. हिने वही मागून घेतली, 'मध्यम' खोडलं आणि त्यापुढे काहीच लिहिलं नाही. आजही ती जागा कोरी आहे.

सकाळी नऊला सलाइन. त्यात ऑक्सिटोसिन. मामा तोवर टाकळीहून किटली घेऊन आले होते. नाव ऐकताच ते दचकले. "आवं डाक्टरीणबाई, ह्ये तर म्हशीला टोचायचं विंजेक्शन!"

"मामा, बाईच्या आणि म्हशीच्या दोघींच्या मेंदूत ते आपोआप तयार होतं. त्यानेच कळा येतात, त्यानेच पान्हा फुटतो. ते कारखान्यात बनवता येतं हे दाखवणाऱ्याला १९५५ साली नोबेल मिळालं. म्हशीला चोरून टोचणाऱ्याला मात्र तुरुंग मिळतो."

मामांना अचानक चहाची आठवण झाली. जाता जाता म्हणाले, "मंग येकदाच टोचून टाका की, लवकर मोकळी व्हईल पोरगी."

डॉक्टरीणबाईंनी सलाइनच्या नळीवरची चकती दाखवली. "दंडात टोचलेलं परत घेता येत नाही. कळा आवरेनाशा झाल्या तर बाळ गुदमरतं, पिशवी फाटूसुद्धा शकते. हे थेंब मोजून सोडता येतात, आणि वाटलं त्या क्षणी बंद करता येतात." मला एकदम पटलं. रोख दिलेली रक्कम आणि थांबवता येणारा चेक, यांतला फरक आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात.

मिनिटाला आठ थेंबांपासून सुरुवात. दर अर्ध्या तासाने थोडे वाढवायचे. अकराला पाणमोट फोडली, आणि मग लेबर रूमचं दार बंद झालं. सासूबाई आत, मी बाहेर. बाहेर मोहट्याला जाणाऱ्यांचे ढोल, आतून हिचा आवाज. ही आवाज न चढवणारी बाई. पुढे तिने सांगितलं, की आपोआपच्या कळा जिना चढत येतात म्हणे. सलाइनच्या एकदम माडीवरच उभ्या राहतात. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचाच तिला जास्त राग होता.

चारच्या सुमाराला आतली धावपळ बदलली. सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. बाळाचे ठोके एकशेचाळीसवरून नव्वदवर आले होते. सलाइनची चकती बंद केली होती, हिला डाव्या कुशीवर वळवलं होतं. "सावरेल बहुतेक. पण सिझरची संमती घेऊन ठेवतो. इथे सही करा."

वाचकहो, सह्या तपासणं हा माझा धंदा आहे. खोटी सही मी चष्म्याशिवाय ओळखतो. त्या दिवशी मी कागदावर जे काढलं ते कुठल्याही बँकेने स्वीकारलं नसतं. आडनावातलं एक अक्षर गेलं होतं आणि शेवटची रेघ भिंतीकडे निघाली होती. मी असा चेक 'सही जुळत नाही' म्हणून मुकाट परत केला असता. मान वर केली तर सिस्टर म्हणाली, "त्यांची आधीच झालीय."

वर हिची सही होती. एका कळेच्या आणि दुसरीच्या मधल्या फटीत केलेली. आमच्या संयुक्त खात्याच्या कार्डावर आहे तशीच, वेलांटीसकट. नमुन्याबरहुकूम.

पाच मिनिटांनी ठोके एकशेतीसवर आले. तासाभराने थेंब पुन्हा सुरू झाले, अगदी थोडे. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. सिझर लागलं नाही. त्याच वेळी शाखेतून फोन आला, की सहामाहीचा ताळा जमत नाहीये, दोन रुपयांचा फरक आहे. मी म्हटलं, "माझा जमला." आणि फोन ठेवला.

घरी सोयर आलंच. घटाला माळ शेजारणीने घातली, आणि माझी आई दहा फुटांवर उभी राहून नवरात्र संपेपर्यंत तिला सूचना देत होती.

आता नगरचं अहिल्यानगर झालं, मुलगी मोठी झाली. ती अजून कुठेही वेळेवर पोहोचत नाही. शाखेत कुणी तरुण सहकारी एका दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन लाजत येतो, "उद्या कळा आणणार आहेत," म्हणतो. मी त्याला समोर बसवतो. म्हणतो, तीन दिवसांची टाक. डबा, वही आणि चार्जर घे. किती तास लागतील हे विचारू नकोस. का आणतायत, आणि नाही जमलं तर पुढे काय, ते विचार, आणि बायको विचारत असेल तर मध्ये बोलू नकोस. शेऱ्याचा रकाना पाडू नकोस. आणि सही करायची वेळ आलीच, तर आधी तिची होऊ दे. ती समोर असली म्हणजे आपली निदान ओळखू येण्यासारखी येते.