इतिहास प्रत्येकाच्या हाती

दिवसभर गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, शिकत होतो. कमांड पाठ करण्यात मन रमेना, म्हणून एका छोट्या प्रयोगाचा 'डॉट गिट' फोल्डरच उघडून बसलो. आत 'ऑब्जेक्ट्स', त्यात दोन-दोन अक्षरी नावांचे फोल्डर, प्रत्येकात उरलेल्या ३८ अक्षरांची एक फाइल. ही ४० अक्षरं म्हणजे त्या ऑब्जेक्टची ओळख. कमिट, म्हणजे बदलांची एक नोंद, हाही असाच ऑब्जेक्ट, आणि त्याची ओळख आधीच्या कमिटच्या ओळखीवरही अवलंबून असते. मागचं एक अक्षर बदललं की पुढची सगळी साखळी बदलते. गुपचूप फेरफाराला वावच नाही! हे कळलं आणि पुढचा तासभर दुसरं काही सुचलं नाही.

याच कामाच्या सबव्हर्जन या जुन्या साधनात इतिहास सर्व्हरवर. संपर्क तुटला की कमिट अडलं. गिटमध्ये क्लोन करणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहास येतो. नेट नसलेल्या गाडीत बसूनही जुना लॉग चाळावा, नवी ब्रँच काढावी.

लिनक्स कर्नलच्या मंडळींना बिटकीपर हे त्यांचं आधीचं साधन मोफत मिळणं बंद झालं, म्हणून लिनस तोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैत जबाबदारी ज्युनिओ हमानो यांच्याकडे गेली. सुरुवात करणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. इतकी वर्षं निगुतीनं सांभाळणाऱ्या हमानोंबद्दल मला जास्त आदर वाटतो.

नव्यानं शिकणाऱ्यांनो, कमांडची यादी थोडी बाजूला ठेवा. रिकाम्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट' करा, एक फाइल कमिट करा आणि 'डॉट गिट'मध्ये काय बदललं ते आधी बघा.